दोन राजीनामे

पहिल्या पंधरा ऑगस्टला आमच्या गल्लीतला झेंडा बाबांच्या हस्ते चढवायचा असं ठरलं, आणि आमच्या घरात सुतक लागल्यासारखं झालं. बाहेर आमचं सगळं लश्कर शहर आनंदात होतं. नई सडकेवरच्या दुकानांत केशरी आणि हिरवं कापड दोन दिवस आधीच संपलं होतं. आमच्या आईनेही साखरभात केला होता, पण तो ढवळताना ती रडत होती आणि कोणी विचारलं तर चुलीच्या धुराकडे बोट दाखवत होती. बाबा आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. खुशीत होता तो एकटा दादा. त्याने सकाळी सहालाच नवा कुडता चढवला होता आणि आज आपल्याला चार शब्द बोलायचे आहेत, असं तो सगळ्यांना मोठ्याने सांगत सुटला होता. मोठ्याने, कारण त्याला ऐकू येत नव्हतं.

मान मिळालेल्या घरावर अशी अवकळा का, ते सांगायला मला साडेचार वर्षं मागे जावं लागेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला मी एकटीच उरले आहे.

बाबा संस्थानात, दरबारच्या नोकरीत होते. गोरखी वाड्यापाशी जुन्या कागदांचं एक दफ्तर होतं. तिथले मोडी कागद वाचायचे आणि त्यांची बाळबोधीत नक्कल करायची, हे त्यांचं काम. त्यांचे वडील तेच करत, आजोबाही तेच. नोकरीबरोबर राहायला तीन खोल्या होत्या आणि डोक्यावर दरबारी पगडी. बाबांना मराठीचा गर्व होता. अभिमान नाही, गर्वच म्हणते मी. दख्खन सोडून आमच्या घराला पाच पिढ्या झाल्या होत्या, पण बाबा असं बोलत की जणू कालच पुण्याहून येऊन टांग्यातून उतरलेत. आम्ही पोरं दिवसभर बाहेर हिंदी बोलायचो आणि तीच चपलांबरोबर घरात आणायचो. मी म्हणायची, "बाबा, माझं डोकं दुखून राहिलं आहे." बाबा म्हणायचे, "राहिलं आहे? कुठे राहिलं आहे? भाड्याने खोली घेतली का त्याने?"

हिंदी शब्द तोंडातून निघाला की शिक्षा ठरलेली होती. मोडीच्या दहा ओळी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि त्याचं मराठी धुतल्या तांदळासारखं. त्याला ही शिक्षा कधी झालीच नाही, आणि म्हणून त्याला मोडी कधी आली नाही. माझी मात्र रोजची वीस-तीस ओळींची कमाई. बाराव्या वर्षी मी बाबांच्या खालोखाल मोडी वाचत होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे माझं बाळबोध लिहिणं कायमचं बिघडलं. माझी वही हातात आली की बाबा आधी वेलांट्या दुरुस्त करत आणि मग मजकूर वाचत. माझ्या आजारपणाची चिठ्ठीसुद्धा त्यांनी अशीच वाचली होती.

तेव्हा स्वातंत्र्यदिन सव्वीस जानेवारीला पाळत. स्वातंत्र्य नव्हतं, पण दिन होता. दरबारच्या चाकराच्या घरात तो उघडपणे पाळणं शक्य नव्हतं. तरी त्रेचाळीसच्या त्या सकाळी आईने काही न बोलता शिरा केला, बाबांनी काही न विचारता तो खाल्ला, आणि दोघांनीही दादाच्या रिकाम्या पाटाकडे बघायचं टाळलं. दादा पहाटेच बाहेर पडला होता. दुपारी कळलं की तो एका सरकारी इमारतीच्या छतावर तिरंगा घेऊन चढत असताना चौकीदाराने त्याचा पाय धरला, झटापट झाली, चौकीदार पडला आणि त्याचा हात मुरगळला. दादाला पोलिसांनी उचललं.  बाबा म्हणाले, "गाढव आहे." थोड्या वेळाने विचारलं, "झेंडा लागला का पण?"

चौथ्या दिवशी तुरुंगातून निरोप आला, मुलाला ताप आहे, उतरत नाही. बाबा पगडी घालून फौजदारी कचेरीत गेले. तिथला पेशकार, म्हणजे खटल्यांचे कागद सांभाळणारा कारकून, हिंदी बोलणारा, बाबांना ओळखणारा. परत आले ते थेट माजघरात येऊन बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात, मी तिच्या मागे.

"पेशकार भला माणूस आहे," बाबा म्हणाले. "मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, पंडितजी, मामला मैं दबा दूँगा. आप राज़ीनामा लिख दीजिए, और लड़के को उसी दिन घर ले जाइए."

आईने पदर तोंडाशी नेला. "म्हणजे नोकरी?"

"बरोबरच आहे त्यांचं. ज्याचा मुलगा दरबाराविरुद्ध झेंडा लावतो, त्याने दरबारचं मीठ कसं खायचं? मीच मनात म्हणत होतो."

राजीनामा हा शब्द ऐकला आणि माझ्या तोंडात पेढ्याची चव आली. हे मी आयुष्यभर विसरू शकलेले नाही. आमच्या मागच्या घरात दोन हिंदी जावा नळावरून भांडत, ते प्रकरण कोर्टात गेलं होतं. दिवाळीच्या सुमाराला त्यातली धाकटी पेढ्यांचा द्रोण घेऊन आली होती आणि हसत म्हणाली होती, "लो बिटिया, मुँह मीठा करो. राज़ीनामा हो गया." तिने कुठली नोकरी सोडली होती? तिला नोकरीच नव्हती. त्यांच्यात समेट झाला होता.

मी म्हटलं, "बाबा, राजीनामा म्हणजे..."

"राजीनामा म्हणजे काय ते आता तू मला शिकवणार?"

मी गप्प बसले. मी तेरा वर्षांची होते आणि ते मराठीचे धनी होते. पण वयाची सबब मी किती वर्षं सांगू?

बाबांनी बोरू नवा कापला. दरबारची नोकरी सोडत असल्याचा कागद त्यांनी मोडीत लिहिला, एकही खाडाखोड न करता, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दफ्तरात नेऊन दिला. तो तिथल्या तिथे मंजूर झाला. खोल्या महिन्याभरात सोडायच्या होत्या. बाबा घरी आले, पगडी उतरवून तिच्यावर फडकं घातलं, आणि आईला म्हणाले, "आंघोळीचं पाणी ठेव. येईल तो संध्याकाळपर्यंत."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी तापलं आणि निवलं. आईने त्याचं अंथरूण खिडकीपाशी घातलं होतं. त्याच्यावर कुणाला बसू देत नसे. रस्त्यावर टांगा थांबला की ती हातातलं टाकून दाराशी जायची. एकदा भरल्या दुधाचं पातेलं टाकून गेली. टांगा शेजारच्यांचा होता.

"अहो, जाऊन या ना एकदा," ती म्हणायची. "विचारून तर पाहा, काय होऊन राहिलं आहे."

एरवी त्या 'राहिलं'वर बाबांनी तिलाही टोकलं असतं. आता नुसते म्हणाले, "त्यांनी शब्द दिलाय. मी माझ्याकडून पुरा केला. दिलेल्या शब्दाचा तगादा लावायचा नसतो. तो अपमान आहे त्यांचा."

सहाव्या दिवशी मी शाळेत हिंदीच्या बाईंना विचारलं, बहनजी, राज़ीनामा माने क्या? त्या खडू झटकत म्हणाल्या, "सुलह. झगड़े के दोनों पक्ष राज़ी हो जाएँ, उसका काग़ज़."  मी धावतच घरी आले, सांगायचंच असं ठरवून. बाबा जमिनीवर बसून आपले बोरू रुमालात बांधत होते. दफ्तरातून आणलेले, एकेक पुसून. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "काय गं?" म्हणाले. मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही तीन पिढ्यांची भाकरी आणि डोक्यावरचं छप्पर एका शब्दाच्या चुकीने देऊन बसलात, आणि दादा अजून आतच आहे. मी म्हटलं, "काही नाही." आज येईलच दादा, मग सांगायचं कामच पडणार नाही, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगत होते. असे आणखी पाच दिवस घालवले. ते पाच दिवस माझे आहेत, बाबांचे नाहीत.

अकराव्या दिवशी आई बाबांना न विचारता उठली, मला हिंदी बोलायला बरोबर घेतलं आणि कचेरीत गेली. पेशकार उभाच राहिला. "बहनजी, मैं ग्यारह दिन से राह देख रहा हूँ. चौकीदार भी मान गया है. पंडितजी राज़ीनामा लाए ही नहीं."

"दिया ना," आई म्हणाली. "दिया उन्होंने. अपने दफ़्तर में. सब छोड़ दिया."

तो आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. "इस्तीफ़ा?" तो हळूच म्हणाला. "या अल्लाह. पंडितजी ने इस्तीफ़ा दे दिया?"

दोन ओळींचा कागद होता तो. झटापटीत चूक झाली, चौकीदार आणि आम्ही आपसांत राजी आहोत, एवढंच. आई घरून बाबांना घेऊन आली आणि त्यांनी तो उभ्या उभ्या लिहिला. चौकीदाराने अंगठा दिला आणि वर बाबांच्या पायाला हात लावला. दादाला टांग्यात घालून आणला तेव्हा तो आम्हाला ओळखत नव्हता. विषमज्वर होता. तीन आठवड्यांनी ताप उतरला. शुद्धीवर आल्यावर दादा पहिलं वाक्य बोलला ते असं, "तुम्ही सगळे असे नुसते ओठ का हलवताय?"

डॉक्टर म्हणाले, पहिल्याच आठवड्यात घरी असता, देखभाल झाली असती, तर कान वाचले असते. 

आम्ही जयेंद्रगंजात दोन खोल्या घेतल्या. बाबा कोर्टाबाहेरच्या झाडाखाली अर्जनवीस म्हणून बसू लागले. भांडलेले लोक त्यांच्याकडे येत आणि हिंदीत समेटाचे कागद लिहून घेत. म्हणजे नियतीला सुद्धा चावटपणा सुचतो. ज्या एका कागदाचं नाव त्यांना कळलं नाही, तोच कागद ते पुढली चार वर्षं पोटासाठी रोज लिहीत राहिले. घरात पुन्हा कधी त्यांनी आमचं मराठी सुधारलं नाही. मी हिंदी बोलले काय, मराठी बोलले काय, ते गप्प. मला तर वाटायचं, एकदा तरी रागावून दहा ओळी लिहायला सांगावं त्यांनी.

आणि गावाने भलताच अर्थ लावला. मुलगा तुरुंगात असताना दरबारची चाकरी करणार नाही म्हणून पंडितजींनी नोकरीवर लाथ मारली, असं गाव बोलू लागलं. दादाला तुरुंगात शिपायाने चिडवलं होतं, तेरे बाप से राज़ीनामा माँगा था, दिया नहीं. तापात त्याने तेवढं धरून ठेवलं. सुटका आजारपणामुळे झाली अशी त्याची समजूत. बाबांनी आपल्याला वाकून सोडवलं नाही, उलट स्वतःची नोकरी फेकून दिली, आपले बाबा असे आहेत! कान गेलेल्या माणसाचा चेहरा हे सांगताना उजळायचा. आमच्यातल्या कोणीही त्याला खरं सांगितलं नाही. सांगणार कसं, पाटीवर लिहून? त्याच्याशी सगळं बोलणं पाटीवर चालायचं, आणि लिहायला घेतलं की शब्द फार खरा होऊन बसतो.

त्या पंधरा ऑगस्टच्या सकाळी बाबा आईला म्हणाले, "आज मी त्याला सांगणार आहे. ह्या हातांनी झेंडा चढवायचा, लोकांचे नमस्कार घ्यायचे, आणि तो शेजारी उभा. मला जमणार नाही."

आईने चमचा खाली ठेवला. "नका सांगू. त्याचे कान देशासाठी गेले असं त्याला वाटतं. ते एका शब्दापायी गेले असं सांगून तुम्ही त्याला काय देणार?"

"खरं काय ते देईन."

"खऱ्याने ऐकायला येतं का त्याला?"

 मी दारात उभी होते आणि मला वाटलं, आत्ता सांगावं, की मला सहाव्या दिवशीच कळलं होतं. तेही मी सांगितलं नाही.

झेंडा आईनेच शिवला होता. मधला पांढरा पट्टा बाबांच्या दफ्तरात जायच्या उपरण्याचा. गल्लीच्या तोंडाशी बांबू रोवला होता, समोरच्या वकीलकाकांनी पोरांच्या रांगा लावल्या होत्या. किल्ल्यावर आज कुठला झेंडा लागणार, दरबारचा की तिरंगा, यावर मागे दोघं वाद घालत होते. बाबांना दोरीची गाठ बराच वेळ सुटेना. लोकांना वाटलं, गहिवर आला. कापड उलगडलं, वर गेलं, आणि मी खोटं बोलणार नाही. इतकं सगळं झाल्यावरसुद्धा मला त्या कापडाचा अभिमान वाटला. आईने हात जोडले होते. ज्या झेंड्याने मुलाचे कान नेले त्यालाच ती हात जोडत होती, आणि ते मनापासून होतं.

मग दादा पुढे झाला. त्याचा आवाज एका पट्टीत, उंच, चढ-उतार नसलेला. लोकांना समजावं म्हणून तो हिंदीत बोलला. "लोग राज़ीनामा लिख-लिख के छूट गए. मेरे पिताजी ने राज़ीनामा नहीं लिखा. उन्होंने इस्तीफ़ा लिखा. मेरे पास कान नहीं हैं, मगर ऐसे पिता हैं. मैं आज उनका शुक्रिया अदा करता हूँ."

आणि भर गल्लीत त्याने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. टाळ्या वाजल्या. त्याला त्या ऐकू आल्या नाहीत.

जो फरक बाबांना तेव्हा कळला नव्हता, तो त्याला नीट ठाऊक होता. चार वर्षं तोही बाहेर हिंदीच बोलत आला होता.

बाबांनी त्याला उठवलं. त्याच्या गळ्यातली पाटी ओढून घेतली आणि झेंड्याच्या बांबूला टेकून लिहायला लागले. भरभर, पेन्सिल न उचलता. पाटी गच्च भरली. ती दादाच्या हातात दिली आणि त्याच्याकडे न बघता मान खाली घालून उभे राहिले. दादाने पाटी फिरवून पाहिली आणि हसला. "बाबा, हे मोडीत आहे! मला कुठे येते?" त्याने पाटी माझ्यापुढे केली. "तू वाच. आणि मला बाळबोधीत लिहून दे."

बाबांनी मोडीत का लिहिलं, याचा मी पुढे फार विचार केला. घाई झाली की हात त्याच लिपीकडे जात असेल. किंवा सांगायचं तर होतं, पण कळायला नको होतं. पाटीवर होतं: मी राजीनामा लिहिला, तो भलताच लिहिला. त्यांनी मागितला तो समेटाचा. मला शब्द कळला नाही. अकरा दिवस माझ्यामुळे गेले. तुझे कान माझ्यामुळे गेले. मला नमस्कार करू नकोस.

मी वाचलं. सगळी गल्ली बघत होती. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, तसाच उजळलेला. पहिल्या वेळी मी बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसले. आता पुन्हा माझी पाळी आली होती, आणि ह्या वेळी मला नीट माहीत होतं की काय खरं आहे. बाबांनी मान वर केली. ते काय मागत होते, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी पदराने पाटी पुसली. सगळी पुसली. आणि बाळबोधीत मोठ्या अक्षरात लिहिलं: मला तुझा अभीमान आहे.

दादा हात पुढे करणार तोच बाबांनी पाटी माझ्याकडून घेतली. वाचली. मला वाटलं, आता हेही पुसतील. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, चार वर्षांत पहिल्यांदा माझं लिहिणं सुधारलं, 'भी'ची वेलांटी बोटाने पुसून पहिली काढली, आणि पाटी दादाला दिली.